कट् वाजलं की थांबायचं

"अरं, तुटलं का काय?"

मन्मथअप्पा किराणा दुकानाच्या गल्ल्यावरून उठून ओरडतच बाहेर आले. दारातल्या गाडीतून आत्ताच 'कट्' असा आवाज आला होता.

बॉनेटखाली डोकं घातलेला त्यांचा मुलगा मल्लिनाथ तसाच म्हणाला, "तुटलं न्हाई अप्पा. टॉर्क पाना हाय. बोल्ट पायजे तेवढा आवळला की कट् वाजतो. कट् वाजलं की थांबायचं."

"एवढंच? ह्याला आवळणं म्हणतेत? कपाळाला घाम न्हाई का काही न्हाई!"

मल्लिनाथचं डोकं तिथूनच तापायला सुरुवात झाली. दोन वर्षं मोबाईलवर बघून बघून तो इंजिनाचं काम शिकला होता. गाडीचं जुनं प्लॅस्टिकचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, तडकून ऑइल गळत होतं. त्यानं दुसऱ्या कंपनीचं लालभडक अ‍ॅल्युमिनियमचं मागवलं. सोबत एक कागद आला, त्यात प्रत्येक बोल्ट किती आवळायचा ते लिहिलेलं. तेवढ्यासाठी त्यानं खास हा पाना घेतला होता.

आणि अप्पांनी शर्त घातली होती. उद्या पुतणीचा, शिवकन्याचा, नांदेडला साखरपुडा. रेणापूर ते नांदेड गाडी ऑइलचा एक थेंब न सांडता गेली, तर दुकानामागचं टिनाचं शेड मल्लिनाथच्या गॅरेजला. सांडलं, तर गॅरेजचं नाव काढायचं नाही. गल्ल्यावर बसून जन्मभर तूरडाळ जोखायची.

मल्लिनाथनं सगळे बोल्ट कागदाबरहुकूम आवळले. कट्, कट्, कट्. इंजिन चालू करून बघितलं. कोरडं ठणठणीत. मग तो हात धुवायला आत गेला. चूक झाली ती एवढीच. तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. पुढं मल्लिनाथ आणि अप्पा, मागं आई शरणम्मा आणि विरूपाक्ष काका. काका म्हणजे नवऱ्या मुलीचे मामा, त्यामुळं कडक इस्त्रीत. अहमदपूरच्या अलीकडं करपट वास यायला लागला.

"कुणाच्या तरी शेतात पाचट जाळून राहिले," काका म्हणाले.

पाचट बॉनेटमधून जळत होतं. मल्लिनाथनं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. एका बोल्टाचं मुंडकंच गायब. खालचं रबरी पॅकिंग जीभ काढल्यासारखं बाहेर आलेलं. तिथून ऑइल गरम पायपावर ठिबकत होतं आणि धूर निघत होता.

"बघ!" अप्पा जवळजवळ खूश झाले. "बघ तुझा कटकट्या पाना! म्हणलो न्हाई मी, ढिलं ऱ्हायलंय म्हणून?"

"अप्पा, ढिल्यानं बोल्ट तुटत न्हाई! लई आवळला की तुटतो!" मल्लिनाथनं बाकीच्या बोल्टांना पाना लावला. एकही सुखासुखी सुटेना. तो हळूहळू सरळ झाला. "कुणी हात लावला ह्याला?"

सगळे रस्त्याकडं बघायला लागले.

"अप्पा?"

"मी आपलं जरा जरा," अप्पा म्हणाले. "तू हात धुवायला गेलास तवा. घरातल्या पान्यानं. पाव पाव आटा. जास्त न्हाई. पोराच्या कामाची फिकर बापाला नसावी का?"

"पाव आटा तूबी दिलास?" काकांच्या तोंडून निघून गेलं. मग माघार घेता येईना. "मी रात्री आलो तवा बॉनेट उघडंच होतं. दिसला पाना, फिरवला. तांब्या दिसला की पाणी पितोच की माणूस."

"आई, तू तरी..."

"मी कशाला हात लावू बाबा?" शरणम्मा पदराशी चाळा करत म्हणाली. "फक्त पुढचे दोन. तू सकाळधरनं जेवला नव्हतास. म्हणलं हाताला जोर नसंल लेकराच्या."

मल्लिनाथनं दुकानासमोरच्या बसवंत मिस्त्रीला फोन लावला. निदान एक तरी जाणकार माणूस म्हणेल, की पोरगं बरोबर होतं.

"तुटला?" मिस्त्री फोनवर हळहळले. "अरेरे. अन् मी पहाटं येऊन एकेक हात मारला होता की. म्हणलं शिकाऊ पोरगं हाय, नांदेडात इज्जत जाऊ नये."

"चार जणं!" मल्लिनाथ फोन बंद करून भर हायवेवर ओरडला. "एवढासा बोल्ट, करंगळीएवढा! कारखान्यात इंजिनेर बसवून ठरवलंय किती आवळायचा ते. अन् तुम्ही चौघं? कुणी मायेनं, कुणी इज्जतीनं, कुणी रिकामं बसवंना म्हणून! नाडी हाय का ती चोळण्याची? मी एक काम करावं आणि सगळ्या गावानं त्याच्यावर हात फिरवावा! ह्याच्यानंच काही टिकत न्हाई आपल्याकडं! नळाच्या तोट्या बघा! दाराच्या कड्या बघा!"

एक ट्रकवाला हॉर्न देऊन गेला. आईनं हळूच पाण्याची बाटली पुढं केली.

त्याच तिरीमिरीत मल्लिनाथ एका मोटारसायकलवर मागं बसून अहमदपूरला गेला, पॅकिंग आणि बोल्ट घेऊन आला. कव्हर उघडून तुटका तुकडा पकडीनं फिरवून काढला. इंजिन निवलं तसं परत बसवलं. तिघांना त्यानं हात मागं बांधून उभं केलं. शेवटचा बोल्ट मात्र मुद्दाम अप्पांच्या हातात दिला.

"ओढा. सावकाश."

अप्पांनी ओढलं. कट्.

"आँ!" अप्पांचा चेहराच बदलला. हाताला तो झटका लागला होता. "अरं, हा तर सांगतो की! बास म्हणतो!"

"तेच तर बोंबलून राहिलो कालपासून."

नांदेडला कार्यालयाच्या आवारात, "मघाचं सांडलेलं आमच्या हातचं, ते शर्तीत धरायचं न्हाई," म्हणत अप्पांनी स्वतः गाडीखाली जुना पेपर पसरला आणि अर्धा तास खुर्ची टाकून बसले. पेपर कोरडा. एक ठिपका नाही. मग अप्पा उठले आणि व्याह्यांच्या, सोयऱ्यांच्या घोळक्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या मल्ल्याचं गॅरेज चालू व्हायलंय. सोमवारपासून. मशिनीवरचं काम. अंदाजपंचे न्हाई."

मल्लिनाथचा राग विरघळला. तो निवांत पंगतीला बसला. दोन दिवसांत पहिल्यांदा जेवणाकडं लक्ष होतं. दुसरी पोळी पानात पडली आणि बाहेरून आवाज आला.

कट्.

त्यानं कान टवकारले.

कट्. कट्.

पोळी टाकून तो उष्ट्या हातानं आवारात धावला. बॉनेट उघडं. दहा-बारा पाहुण्यांची चक्क रांग. रांगेच्या तोंडाशी टॉर्क पाना घेऊन अप्पा.

"बरोबर एका जागी कट् म्हणतो बघा," अप्पा नवऱ्या मुलाच्या चुलत्याला समजावत होते. "लावा हात. वाजलं की बास. झालं? आता पुढचे या. न्हाई न्हाई, त्याच बोल्टावर, बाकीच्यांना हात लावू नका, पोरगं रागावतं."

"अप्पा! थांबवा!" मल्लिनाथ ओरडला.

पण पुढचे पाहुणे धर्माबादचे, अंगानं दणकट, आणि कानानं जरा कमी. त्यांनी ओढलं. कट् वाजलं. ते ओढतच राहिले.

टाक्.

अप्पांनी वाकून बोल्टाचं मुंडकं उचललं, आजूबाजूला बघितलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग मल्लिनाथच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मल्ल्या, गॅरेज सोमवारपासून म्हणलो होतो न्हवं मी?"

"हाव."

"आजपासूनच धर."