फुलण्यापूर्वी मरू नये

निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद असलाच पाहिजे, नाहीतर तो दिवसभर घरात सापडतो. या तत्त्वावर आमचं ज्येष्ठ आयरिस मंडळ उभं आहे. सभासद सत्तावीस, सरासरी वय चौऱ्याहत्तर, एकूण गुडघे चोपन्न, पैकी मूळचे एकोणचाळीस. मी चिटणीस.

फुलझाडांत आयरिसच का, असं लोक विचारतात. भाजी लावली तर ती घरच्यांना आवडावी लागते. आयरिसचा कुणाला काडीचा उपयोग नाही, त्यामुळे कटकट नाही. आल्यासारखा दिसणारा गड्डा अर्धा मातीत, अर्धा वर ठेवायचा, पाणी बेताचं घालायचं आणि वाट बघायची. आमचा मानाचा काळपट जांभळा वाण तिसऱ्या वर्षी फुलतो. फूल तीन दिवस टिकतं.

अडचण त्या तिसऱ्या वर्षाची. मध्यंतरी चार सभासद गड्डे घेऊन गेले आणि फूल यायच्या आत, कार्यकारिणीला कसलीही पूर्वसूचना न देता वारले. म्हणून नियम अकरा झाला: ‘गड्डा घेतलेल्या सभासदाने फुलण्यापूर्वी मरू नये.’ एकमताने मंजूर.

अंमलबजावणीसाठी आमच्या निवृत्त गणित-मास्तरांनी चाळीस गुणांचा तक्ता केला. एक जिना न थांबता चढणे, पाच गुण. (कठडा धरल्यास तीन.) स्वतःच्या गोळ्यांची नावं पाठ असणे, चार. पुरुषाची बायको हयात असणे, सहा. बाईचा नवरा हयात असणे, उणे सहा. (मंडळातल्या बायकांनी अनुमोदन दिलं.) सगळ्यात जड शेवटचा रकाना, दहा गुणांचा: मूल काही काम नसताना भेटायला येतं. हे दहा आजवर कुणालाच पडलेले नाहीत, खुद्द मास्तरांनाही नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात परीक्षा तिसांचीच आहे.

यंदाच्या नव्हे, तीन वर्षांपूर्वीच्या वाटपात घड्याळवाले काका अर्ज घेऊन आले. वय चौऱ्याऐंशी, आयुष्य लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं, बायको नाही, जिना नाही. गुण पडले सात. आम्ही नकार वाचून दाखवला, तेव्हा ते खुर्चीवरून उठले नाहीत.

“मुलीनं सांगितलंय, तो काळा फुलला की नक्की येते,” काका म्हणाले. “तीन वर्षं काय, कशीही काढीन मी.”

समितीने सहानुभूती व्यक्त केली आणि ‘कशीही’ ही वैद्यकीय संज्ञा नसल्याची नोंद घेतली. गड्डा एका निवृत्त बँक मॅनेजरांना मिळाला. वय एकसष्ट, गुण अठ्ठावीस, रोज पाच किलोमीटर पळतात. त्यांनी उत्साहाच्या भरात गड्ड्याला रोज दोन वेळा पाणी घातलं आणि तो दुसऱ्या महिन्यात कुजला. मॅनेजरांची प्रकृती उत्तम आहे.

जुनं बेट फोडताना कडेचे ताजे गड्डे वाटतात आणि मधला म्हातारा तुकडा फेकून देतात, कारण तो फुलत नाही. वाटपाच्या दिवशी काका तोच तुकडा कचऱ्यातून पिशवीत घालून घेऊन गेले. मी पाहिलं, पण नियमात कचऱ्याबद्दल काही नव्हतं, म्हणून गप्प बसलो.

या वर्षी त्या तुकड्याच्या कुशीतून फुटलेल्या कोंबाला फूल आलं. काका सत्त्याऐंशीचे आहेत आणि नियमबाह्य रीतीने हयात आहेत. त्यांनी मुलीला फोन लावला, तेव्हा इतिवृत्तासाठी मी शेजारीच होतो. स्पीकर चालू होता.

“फुललं बघ गं. तीन दिवस आहे.”

“अय्या, खरंच? फोटो पाठवा ना, बाबा. या आठवड्यात काही जमत नाही बघा.”

काकांनी फोटो पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला. तिन्ही दिवस ते फुलाजवळ खुर्ची टाकून बसले, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. मला फार वाईट वाटलं. कार्यकारिणीने फुलाची नोंद ‘अनधिकृत’ अशी केली आणि काकांचे गुण सातच ठेवले.

वाचता वाचता तुम्ही आपले गुण मोजलेत, मला ठाऊक आहे, सगळेच मोजतात. जिन्याचे पाच धरलेत, तेही चालेल. आता तुमच्या घरी कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर त्यांचेही मोजा. त्यांचा शेवटचा रकाना तेवढा त्यांना भरता येत नाही, तो तुम्ही समक्ष येऊन भरायचा आहे. सोबत फोटो जोडू नये.