हलकेरावांची आलेखमोहीम आणि खिडकीचा फैसला

लढाईचा मजकूर लिहिण्याआधी लढणाऱ्यास मिळणार काय होते ते मांडावे, म्हणजे पराक्रमाचे वजन बरोबर ध्यानी येते. ऐसियास, आमचे कचेरीचे प्रोग्रामर, किताब हलकेराव, यांस मिळणार होती खिडकीजवळची खुर्ची. हल्लीची जागा एसीचे ऐन तोंडाखाली असोन यंत्र बारमाही ठिबके, आणि थेंब नेमका टाळूवर पडे, आणि दुरुस्तीचे अर्ज वारंवार गुदरले, मग सरकारांतून बादली मंजूर जाहली. तेव्हापासोन थेंब टाळूवरून बादलीत जाऊ लागला.

अशांत थोरले साहेबांचे फर्मान सुटले की, नफ्याचे आलेखांचे पान आमचे खाकरणे संपण्याआत जो उघडून दाखवील, त्यास खिडकी इनाम. कारण, आलेख काढावयास परमुलखाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेविलेले आयते कोड, आणिली होती. ती हत्तीसारखी झुलत झुलत येई, आणि पहिला आलेख दिसतो न दिसतो तो साहेब कंटाळोन उठत.

हलकेरावांनी विडा उचलिला, आणि हत्ती हाकलून आपले हाते तट्टू घडवितो म्हणाले, आणि फौजेतील बुणगे कमी करावे तैसी पहिली सावल्यांस रजा दिल्ही, मग रंगांस, मग गोल आलेखांस, आणि तरीही तट्टू जड वाटे, मग शून्याखालील आकड्यांवर वक्रदृष्टी गेली. मसलत ऐसी केली की, आमचे कचेरीत तोटा दाखविण्याचा रिवाजच नाही, तर त्याचे ओझे का वाहावे? उणे चिन्ह दिसेल तेथे छाटावे, उंची ती उंची, ऐसा कायदा करोन मोकळे जाहले.

चाचणीवाल्या बाई, ज्यांचा हुद्दाच दुसऱ्याच्या चुका काढणे, यांनी येऊन विचारिले, "अहो, आकडा शून्याखाली गेला तर?"

"आपल्याकडे कधी जातो का, ताई?"

"जात नाही, का कोणी बघत नाही?"

हलकेराव हसले. ते हसणे मोहिमेस फार महाग पडले.

दरबार भरला. साहेबांनी खाकरावयास आरंभ केला, आणि खाकरणे ऐन मध्यावर असता आलेखाचे सारे खांब, खात्यामागे एक, उभे ठाकले, आणि उरलेले खाकरणे साहेबांस गिळावे लागले. मग प्रथमच त्यांची नजर पानाचे तळाशी पोहोंचली. तेथे साहेबांचे मेहुणे ज्याचे कारभारी, ते खाते. ते खाते बुडीत, हे साऱ्या कचेरीस ठाऊक, एक साहेबांस नव्हे. कारण हत्तीचे कृपेने ते तेथवर कधी पोहोंचलेच नव्हते. परंतु उणे छाटिलेले असल्याने मेहुण्यांचा तोटा साऱ्या खांबांत उंच, बुरुजासारखा उभा. साहेब बहुत खुशवक्त जाहले, आणि हुकूम केला की, पानाचे इनाम पुढे पाहू, तूर्त खिडकी मेहुण्यांस. मेहुण्यांनी, सारे ठाऊक असोन, मान लववून कृपा कबूल केली, आणि पडदे कोणते रंगाचे मिळतील ते पुसिले.

आता हलकेरावांस पेच पडला. बोलावे तर आपलेच तट्टू लंगडे ठरते, न बोलावे तर थेंब जन्माचा. खरे लिहावे तर, सत्याचे प्रेमाने नव्हे, टाळूचे प्रेमाने ते उठले.

"साहेब, तो बुरूज नाही. खड्डा आहे. मी उलटा काढलाय."

तोच बादलीत थेंब पडला, तो साऱ्या दरबाराने ऐकिला. साहेबांनी मेहुण्यांकडे पाहिले, मेहुण्यांनी छताकडे पाहिले, छत आपले काम करीतच होते.

"मग खड्डा खड्ड्यासारखा दाखव," साहेब म्हणाले. "आत्ता."

हलकेराव बसले, आणि बाई मागे उभ्या राहोन ओळन् ओळ तपासू लागल्या, आणि उणे चिन्हाची पुनः स्थापना जाहली, आणि खांब खाली उतरता उतरता तळ पुरेना, मग पानच लांबवावे लागले. तट्टू किंचित जड जाहले, तरी खाकरण्याआत पोहोंचले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल केली असे. हत्ती स्वदेशी रवाना. साहेब आता रोज तळापर्यंत वाचितात, सबब साऱ्या खात्यांची झोप उडोन हलकेरावांशी कोणी धड बोलत नाही. चूक आधी ओळखिली म्हणोन खिडकी बाईंस. मेहुण्यांस शिक्षा म्हणोन हलकेरावांचे शेजारी, त्याच यंत्राखाली नेमिले. परंतु नाते नाते आहे, सबब छत्री दिल्ही. छत्रीवरचे पाणी ओघळोन शेजारी पडते. तेव्हा मोहिमेची किंमत भरिली कोणी म्हणाल, तर हलकेरावांचे त्याच जुन्या टाळूने, आणि आता दोघांचे वाटणीची.