विष्णूबाबांचे गुडघे आणि उदासीची गोळी

गोव्यातल्या पाळी गावात, आमच्या वाड्यावर विष्णूबाबांना कोणी ‘कसे आहात?’ असं विचारत नाही. ‘कसे आहेत?’ असं विचारतात. म्हणजे गुडघे. उत्तर तयार असतं, “उजवो बरो आसा. दावो आयज रुसला.”

उजवा ब्रेकचा, डावा क्लचचा. उभा जन्म खाणीवर ट्रक चालवण्यात गेला, त्यात दोन्ही झिजले. बायको, शेवंतीवहिनी, दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर ते दारापुढच्या बाल्कांवावर, म्हणजे ओट्यावर, पाय पसरून गुडघ्यांशीच बोलत बसत. लग्न, बारसं, वहिनींचं नार्व्याचं माहेर, कुठलंही बोलावणं आलं की म्हणायचे, “आमी येवपाक तयार, पूण हे दोगूय आयकनात!”

डिचोलीच्या डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी नवी गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानात मी सोबत होतो. दुकानदाराने चारचौघांत विचारलं, “ही उदासीची गोळी. कोणासाठी?”

विष्णूबाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. “उदास कोण? म्हजे गुडघे?”

आणि तरातरा, लंगडत का होईना, परत डॉक्टरांकडे. “म्हाका पिसो समजलो?”

डॉक्टर शांत होते. म्हणाले, “उदासीवर देतात, खरं आहे. पण दुखण्याचा जो निरोप मेंदूकडे जातो, त्याचा जोरही ती कमी करते. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही. पडली तरी काही आठवडे जातील. आणि मला न विचारता मध्येच बंद करायची नाही.” मग सहज विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“हांव आनी हे दोन गुडघे.”

मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत.

पहिले दिवस वाईट गेले. तोंड कोरडं, पोटात मळमळ. डॉक्टरांच्या नावाने रोज उद्धार. पण गोळी चुकवली नाही. महिना उलटल्यावर त्यांना मी अंगणात झाडांना पाणी घालताना पाहिलं. दुखणं गेलं नव्हतं, पण हट्ट सोडून बसलं होतं.

मग एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात आले. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. “नार्व्याक व्हरशी?”

नार्व्याला वहिनींची थोरली बहीण राहते, पार्वतीबाय. मी त्यांना घेऊन पोचलो तेव्हा ती दारात सुपारी सोलत होती. तिने मान वर केली. “दोन वर्सां जालीं, विष्णू. गुडघे इतले दुखताले?”

विष्णूबाबांकडून ‘हो’ येईल असं मला वाटलं. ते पायरीवर बसले.

“गुडघे न्हय,” ते म्हणाले. “तुजें तोंड तिच्यासारकें. म्हाका धीर जालो ना.”

पार्वतीबायने सुपारी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.