आप्पांची हरकत

जेवण झालं की आमच्या शेजारचे परशूआप्पा कट्ट्यावर येतात, गोळी हातात धरतात आणि बेळगावातल्या सगळ्या अनगोळला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "स्टे कंटिन्यू!" मग गोळी तोंडात, वर तांब्याभर पाणी.

आप्पांनी उभा जन्म वकिलाकडे कारकुनी केली. त्यामुळे अंगातला एचआयव्ही हा त्यांच्या लेखी आजार नाहीच, तो दावा आहे. गोळी म्हणजे स्टे. चुकवली की उठला. सरकारी दवाखान्यात औषध आणायला जाणं म्हणजे तारीख. रक्ततपासणीत विषाणू सापडेनासा झाला, त्या दिवशी त्यांनी गल्लीत खव्याचा कुंदा वाटला. कशाबद्दल, असं विचारणाऱ्याला सांगितलं, "विरुद्ध पार्टी गैरहजर." निम्म्या गल्लीने कुंदा हसत घेतला आणि गटारात टाकला.

मी एचआयव्हीची पत्रकं वाटतो. सोबत जेवल्याने हा रोग होत नाही आणि रोज गोळ्या घेणारा माणूस चांगला म्हातारा होईपर्यंत जगतो, हे त्यात ठळक अक्षरांत छापलेलं असतं. लोक त्यात भजी बांधून घेतात. कुंद्यावरून मी दारोदार भांडत सुटलो, तेव्हा आप्पांनीच मला मानगूट धरून परत आणलं. तुमचा रोग बरा कधी होणार, असं कुणी खवचटपणे विचारलं की ते शांतपणे म्हणतात, "सीमेच्या खटल्याचा निकाल लागलाय काय? मग तुमच्यात भाकरी थापायची थांबलीया काय?"

घरात ते एकटेच. यंदा त्यांनी नवं खूळ काढलं. बिडी सोडली, सकाळी पिरनवाडीपर्यंत चालत जाऊन यायला लागले आणि आल्यावर तांदळाचं पोतं उचलून अंगणात फेऱ्या मारायला लागले. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"भाचीचं लगीन हाय रं," ते धापा टाकत म्हणाले. "आमच्यात मामा नवरीला उचलून मांडवात नेतो. पोरगी अंगानं जरा भरल्या."

पुढच्याच आठवड्यात खानापूरहून त्यांच्या बहिणीचा, आक्कांचा फोन आला. लग्नाला ये, पण मागं बस, नवरीला चुलत मामा आणेल. वरपक्षाकडचे नावं ठेवतील. आप्पा 'बरं' म्हणाले. माझं रक्त उकळलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पोतं पुन्हा खांद्यावर.

"पण आक्का तर नको म्हणाल्या ना?"

"त्यो खालच्या कोर्टाचा निकाल. अपील हाय."

लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेलो, खिशात पत्रकं भरून. भटजींनी मामाला हाक दिली. चुलत मामा फेटा सावरत उठले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आप्पा उभे राहिले.

"हरकत हाय. सख्खा मामा हजर असताना चुलत कसा?"

सनईवाला वाजवायचा थांबला. आक्का धावत आल्या, हात जोडून हळू आवाजात विनवायला लागल्या की पाहुण्यांसमोर शोभा नको. आप्पा बसेनात. मी पत्रकं काढणार, तोच खोलीच्या दारात मुंडावळ्या बांधलेली नवरी येऊन उभी राहिली.

"आई, सासरच्यांना मी कवाच सांगितलंय सगळं," ती म्हणाली. "मामा आला तर मी येते. न्हाय तर बसते हितंच."

आक्का बाजूला झाल्या. आप्पा गेले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. कंबर धरली होती. पोत्याला शालू नसतो, ते घसरत नाही. भाची हसू दाबत म्हणाली, मी चालते, तू नुसता हात धर. तशी ती दोघं मांडवात आली.

परतीच्या गाडीत मी पेटलो होतो. ही बहीण म्हणायची? तो चुलत मामा कसला? असल्या लोकांना चारचौघांत जाब विचारायला पाहिजे. देसूर येईपर्यंत आप्पा ऐकत होते. मग म्हणाले,

"गप रं जरा. बायको गेल्यापास्नं कुणी हात धरला नव्हता माझा. आज पोरीनं धरला." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "बोहल्यापाशी पोचलो, तरीबी लगेच सोडंना."