सातवी पिढी आणि आठवी पिढी

दिग्विजयला स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नसे, पण त्याच्या जर्मन हॅचबॅकच्या सातही पिढ्या तोंडपाठ होत्या. त्याची गाडी सातवी. सूसमधल्या त्याच्याच सोसायटीतल्या अमोघने आठवी आणली आणि पार्किंगमधली शांतता संपली. सातवीला बटणं आहेत, आठवीला एसी लावायलाही स्क्रीन चोळत बसावं लागतं, हे दिग्विजय रोज सांगे. अमोघ रोज हसे.

दिग्विजयच्या बायकोला, रोहिणीला, दोन्हींत बसलं की गुडघे हनुवटीला लागत. ती म्हणाली, "एकदा रिहे गावाच्या रस्त्यावर काय ती तुलना करा आणि संपवा. तुझी हरली तर विकायची, माणसांसारखी उंच गाडी घ्यायची."

दिग्विजयने हो म्हटलं. हरायचा प्रश्नच नव्हता.

रोहिणी गुडघे आवळून दिग्विजयशेजारी बसली. घोटावड्यापर्यंत सातवी पुढे होती. रिह्याच्या अलीकडे वळण आलं. "स्टिअरिंग कसं बोलतं बघ हिचं," दिग्विजय म्हणाला, आणि गाडीचं पोट बोललं. कर्रर्र! गावाने परवाच घातलेल्या स्पीडब्रेकरवर सातवी बसली ती बसलीच.

मागून अमोघ आला. "तिरपी काढायची रे! टेक्निक असतं!" त्याने तिरपी घातली आणि आठवीही शेजारीच बसली.

एवढ्यात भाताची रोपं भरलेला एक जुनाट टेम्पो कडेच्या चिखलातून धडधडत पुढे गेला आणि थांबला. टेम्पोचे मालक हैबतराव उतरले.

"काय झालं?"

"काही नाही काका," दिग्विजय म्हणाला, "दोन पिढ्यांची तुलना चाललीय."

"कुनाच्या?"

"गाड्यांच्या. ही सातवी, ती आठवी."

हैबतरावांनी वाकून दोन्ही पोटं पाहिली. "आट पिढ्या झाल्या, आन् येकीलाबी वाटलं न्हाई, जरा वर उटावं?"

"अहो, खाली असते म्हणून तर वळणावर रस्त्याला चिकटते!"

"चिकाटली की."

शेवटी त्यांनी टेम्पोला दोर बांधला. सातवी आधी सुटली, आठवी नंतर. "अमोघ, सातवी जिंकली!" दिग्विजय नाचायचाच बाकी होता.

"पुडं आजून चार ब्रेकर हायेत," हैबतराव दोर गुंडाळत म्हणाले.

रोहिणी एव्हाना टेम्पोत चढून पाय लांब करून बसली होती. "काका, हा टेम्पो कितव्या पिढीचा?"

"पयल्याच, ताई. दुसरीची गरज न्हाई पडली."

रोहिणीने खिडकीतून दिग्विजयकडे पाहिलं. बरंच खाली पाहावं लागलं.