हिऱ्याचा परिसर

जगात आजवर एकही काम करणाऱ्याच्या हातून बिघडलेलं नाही. कामं बिघडतात ती परिसरामुळे. स्वयंपाक करपतो चुलीमुळे, मुलगा नापास होतो संगतीमुळे, आणि आमच्या सूनबाईच्या प्रयोगशाळेतला हिरा चुकतो तो परिसरामुळे, असं तिथल्या मोठ्या साहेबांनी सही-शिक्क्यानिशी कळवलं आहे. एवढ्या मोठ्या माणसाचं म्हणणं खोटं कसं असेल? (त्यांची खुर्ची गोल फिरते.)

हिरा म्हणजे अंगठीतला नव्हे. कणीएवढा तुकडा, आणि त्यात मुद्दाम ठेवलेली खोट. एक अणू जागेवरून गायब, शेजारी एक परका अणू येऊन बसलेला. सोनाराला दाखवाल तर तो तोंड फिरवील. इथे मात्र खोटीचीच किंमत. (मुली बघायला जाणारे ही पद्धत का पाळत नाहीत, याचा खुलासा मिळालेला नाही.) त्या खोटीवर हिरवा उजेड टाकला की ती तांबडा परत करते, आणि जवळ कुठे इवलासा चुंबक असला तरी तो तांबडा कमी-जास्त होतो. उद्या माणसाच्या नसेतून जाणारी विजेची चमकसुद्धा कातडी न कापता मोजता यावी, असा सूनबाईचा बेत. अडचण एकच. खोट इतकी हळवी की शेजारच्या अणूंनी कूस बदलली तरी तिला काय सांगायचं होतं ते ती विसरते. मग लोखंडी कपाट सरकलं तर काय होत असेल!

त्यात तपासणी समिती येणार होती. ती बंद डबीत एक अशक्त चुंबक आणणार, आणि हिऱ्याने त्याचा जोर सांगायचा. सांगता आला नाही तर प्रयोगशाळा बंद, सूनबाईची नोकरी गेली, आणि त्या खोलीत साहेबांच्या पाहुण्यांसाठी बैठक. साहेबांनी पडद्यांचं कापड पसंत करून ठेवलं होतं, पण ती निव्वळ दूरदृष्टी.

साहेब स्वस्थ बसणारे नव्हेत. त्यांनी परिसर निर्मूलन मोहीम काढली. लिफ्ट बंद केली. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात, त्यामुळे कामाचा उरक वाढल्याची नोंद झाली. कपाटं व्हरांड्यात गेली, खुर्च्या गेल्या, किल्ल्या गेल्या. पहारेकऱ्याच्या बुटांचे खिळे उपटले. बायकांना अंबाड्यातले आकडे काढायला लावले, त्यामुळे सगळं खातं केस मोकळे सोडून अंगात आल्यासारखं हिंडू लागलं. परिसर हटवायला एक उपसमिती नेमली, आणि उपसमितीमुळे जो परिसर वाढला तो हटवायला दुसरी. (हे परिपत्रक काढणाऱ्यास लागू नव्हतं.) मोहिमेला ऐंशी टक्के यश आलं. उरलेल्या वीस टक्क्यांत हिरा होता.

यंत्राच्या पडद्यावरची रेघ काही स्थिर होईना. साहेब बिचारे रोज जातीने येऊन, हिऱ्यावर ओणवे होऊन, ती स्थिर नसल्याची खात्री करून जात. शेवटी त्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला. इमारतीतलं सगळं लोखंड गेलं, तरी रेघ हलते. म्हणजे परिसर बाहेरून येतो. बाहेरून रोज कोण येतं? सूनबाई. ती कुठून येते? घरून. घरी कोण असतं?

मला प्रयोगशाळेत बोलावणं आलं. कपाटांच्या आणि किल्ल्यांच्या यादीत माझाही समावेश झाला. आमच्या घराण्यात एवढा मान यापूर्वी कोणाला मिळालेला नाही.

"बसा, आजी," साहेब म्हणाले. बसायला काही ठेवलेलंच नव्हतं.

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुम्ही कामाचं बोला."

"तुम्ही घरी सूनबाईंना बोलता का?"

"बोलते. मुकी नाही मी."

"त्याने त्यांचं मन अस्थिर होतं. मन अस्थिर, की हात अस्थिर, आणि हात अस्थिर, की हिरा—"

"अहो, अंगण वाकडं झालं, लिफ्ट वाकडी झाली. आता सासू वाकडी का?"

"पुरावाच दाखवतो," म्हणून साहेब तरातरा हिऱ्याशी गेले. रेघ ताडकन उसळली. "बघा! आजी खोलीत आल्या आणि—"

"आई, गप्प राहा," सूनबाई म्हणाली.

"मी गप्पच आहे. बोलतायत ते."

"साहेब, जरा मागे सरता?" साहेब सरले. रेघ निजली. "आता पुढे या." रेघ उठून बसली. सूनबाईने दोनतीनदा त्यांना असं पुढे-मागे नाचवलं, आणि मग तिची नजर त्यांच्या पोटावर स्थिरावली. तिथे पट्ट्याचं लोखंडी बक्कल होतं, बशीएवढं.

"हे पदाला शोभेसं आहे," साहेब म्हणाले. सूनबाईने ते तत्काळ मान्य केलं. नोकरी करणारी बाई आहे ती.

त्या दिवसापासून तिने हटवणं थांबवलं आणि ओळखणं सुरू केलं. लिफ्ट चालू करून लिफ्ट किती छळते ते मोजलं, खुर्ची आणून खुर्चीचं मोजलं. ज्याचा त्रास ठाऊक, तो उत्तरातून वजा करता येतो. आणि खोटीचे ते चुळबुळे शेजारी? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. खोटीला जे ऐकू येतं ते ती विसरायच्या आत शेजारच्या अणूच्या कानात घालायचं, आणि मग त्याला पुन्हा पुन्हा विचारून घ्यायचं. ज्यांना हुसकायला निघाले होते, त्यांनाच कामाला जुंपलं.

समिती आली तेव्हा लिफ्ट चालू होती, अंबाडे जागेवर होते, आणि साहेब बक्कलासह उभे होते. "तुम्ही फक्त हलू नका," सूनबाई अदबीने म्हणाली. साहेबांना वजा केलं आणि उत्तर बरोबर आलं. समितीच्या कागदावरच्या आकड्यापेक्षाही बारीक.

समितीने अहवालात लिहिलं की हे यश परिसर निर्मूलन मोहिमेचं आहे. साहेबांचा सत्कार झाला. हिरा आणि बक्कल एकत्र नांदत नाहीत हे सिद्ध झाल्यामुळे दोघांपैकी एकाला हलवणं भाग होतं. एकमताने हिरा हलवला. जिन्याखालच्या खोलीत, पाण्याच्या पंपाशेजारी. सूनबाईची नोकरी राहिली, प्रयोगशाळाही राहिली. पंप किती छळतो तेवढं तिने पहिल्याच आठवड्यात मोजून घेतलं.

"आई, परिसर वाईट नसतो हो," ती जेवताना म्हणाली. "तो आपल्याला ठाऊक नसला, की वाईट."

"मला काय सांगतेस? तुझ्या लग्नापासून मीच तुझा परिसर आहे. वाढ भाजी."

तुम्ही मात्र साहेबांना हसलात. हसा की. मग घरी जा, आणि दारात तुमचं पाऊल वाजताच कोणाचं बोलणं अर्ध्यावर थांबतं ते बघा. त्या माणसाला काही बोलायची सोय नाही, फार मनाला लावून घेतं, असं तुम्ही चारचौघांत सांगत आला आहात. ते माणूस इतकी वर्षं बिनचूक मोजतं आहे. मोजमाप तुमचं चाललं आहे.