मी, मामाजी आणि तिसरा पॉइंट

वाट शोधणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे! हे मी सासुरवाडीत मुद्दाम मोठ्यानं सांगतो. कारण दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या इतवारी बाजारात परात आणायला गेलो आणि गल्ल्यांमध्ये असा हरवलो, की मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मारोतरावांना, मला शोधून आणावं लागलं. तेव्हापासून बारसं असो की तेरवी, परातीचा विषय निघतोच.

हा डाग धुवायचाच म्हणून यंदा डिसेंबरात अख्खी सासुरवाडी चिखलदऱ्याला नेली. सकाळपासून पायी तीन पॉइंट, लीडर मी! नियम एकच: सोबत फक्त चणे आणि चिक्की. वांगी भाजल्याशिवाय सहल झाली असं नागपूरकर मानतच नाही, आणि मला ट्रेक करायचा होता, भरताची पार्टी नाही.

"मिरच्याबी नाही?" सासूबाईंनी, म्हणजे इंदुताईंनी, विचारलं.

"एकसुद्धा नाही!"

पहिला पॉइंट झकास झाला. दुसऱ्यावर धुकं असं उतरलं की दरी सोडाच, शेजारी उभी असलेली बायकोही दिसेना! तरी मी खणखणीत आवाजात सांगितलं, "तुम्ही सगळे डांबरी रस्त्यानं तिसऱ्या पॉइंटला या. मी मधली वाट पाहून घेतो."

"थांबा, जावईबापू," मामाजी म्हणाले. "तुमाले एकट्याले सोडलं तं पुन्हा मलेच शोधाले लागन. मी येतो."

थोड्याच वेळात पायवाट संपली. मी डावीकडे वळलो, मामाजींनी उजवीकडे ओढलं, आणि आम्ही फिरून त्याच सागाच्या झाडापाशी आलो. पुन्हा निघालो, पुन्हा तेच झाड! मोबाइलला रेंज नाही.

"मामाजी, आपण हरवलो."

"तुम्ही हरवले. मी तं तुमच्यासंग आहो!"

तेच झाड आणखी एकदा दिसलं, तेव्हा मात्र मामाजी दगडावर बसले आणि हळूच म्हणाले, "घरी सांगू नका बरं." मला तर रडूच यायचं बाकी होतं. आता बारशाला परात आणि तेरवीला चिखलदरा!

तेवढ्यात नाकात झिणझिण्या आल्या. मी शिंकलो. मामाजींना ठसका लागला. दोघांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा! मामाजी ताडकन उठले.

"ही तं भिवापूरची मिर्ची! आपल्या घरची!"

"कशावरून?"

"लग्न झाल्यापासून खोकून राहिलो मी हिच्यापायी! मले नाही समजन?"

मग काय! जिकडे ठसका जास्त, तिकडे आम्ही. खोकला कमी झाला की मागे फिरायचं, वाढला की पुढे घुसायचं. शेवटची झुडपं ओलांडली आणि समोर तिसरा पॉइंट! तिथल्या चहाच्या टपरीतली चूल ताब्यात घेऊन सासूबाई तव्यावर मिरच्या भाजत होत्या. निखाऱ्यांत वांगी होती. भोवती सगळी मंडळी आनंदानं खोकत होती.

तेवढ्यात धुकं विरलं आणि खाली दरीच दरी! मामाजींनी माझा हात उंच धरला. "पोचवलं जावयानं! मधली वाट कोपरा न् कोपरा पाहून आलो आम्ही!"

टाळ्यांचा कडकडाट! खरं सांगतो, लग्नाच्या मांडवातही माझा एवढा मान झाला नव्हता. त्या आनंदात नियम मीच मोडला, भरीत दोनदा मागून घेतलं. परतीच्या प्रवासात परातीचा कोणी उच्चारही केला नाही. डाग धुतला गेला!

पुढच्याच रविवारी सासुरवाडीत बायकोनं, म्हणजे भैरवीनं, मला इतवारीतून झारा आणायला सांगितलं. तेही एकट्याला! छाती पुढे काढून निघालो. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"बिनधास्त जा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "उशीर झाला, तं मी गच्चीवर तवा ठेवतेच."